दादाचे फराळाचे डबे

गणपती नुकतेच गेले होते. मुंबईला मुलाकडे आठ दिवस राहून मी परत येत होते. मांडव्याला उतरून अलिबागच्या बसमध्ये जागा धरते न धरते तोच वहिनीचा फोन आला. "शैलाताई, यांच्या छातीत दुखत होतं, कुणाला बोलले नाहीत. थेट आमच्याकडेच या," एवढंच ती म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही. वहिनीचा आवाज असा कधी नसतो; दादा गेला, हे मला त्यातच कळलं. पुढचा सगळा रस्ता मी दादावर चिडत होते. छातीत दुखतंय हे कुणाला सांगितलं नाहीस, आदल्या दिवशी फोनवर नारळ काढायला माणूस मिळत नाही म्हणून अर्धा तास कुरकुरलास, पण हे नाही बोललास... लोकांना अशा वेळी आधी रडू येतं. मला राग आला होता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. फक्त आता तो दादावर नाही.

दादा अलिबागच्या कोर्टात वकिली करायचा. घरची नारळ-सुपारीची वाडी होती, अशील बरे होते, तेव्हा दिवाळीला चार चांगल्या वस्तू वाटणं त्याला जड नव्हतं. पण याची खरेदी जगावेगळी. माझ्या मैत्रिणींचे भाऊ भाऊबीजेला पैठण्या आणत आणि आमचे बंधुराज डोंगरावरच्या कातकरी बाईने विणलेली टोपली घेऊन दारात हजर! एका वर्षी चपला आणल्या, बाजारपेठेच्या टोकाला बसणाऱ्या चर्मकाराकडून मुद्दाम बनवून घेतलेल्या. "अरे, ओवाळणीत कुणी चपला देतं का?" असं मी ओरडले, तर म्हणाला, "पायात घालून बघ आणि मग भांड." चपला पाच वर्षं टिकल्या, हे कबूल करायला हवं. त्याचं म्हणणं साधं होतं. भेट तर द्यायचीच आहे, मग ज्यांच्या दुकानाची पायरी आपल्यातले लोक आपणहून चढत नाहीत, त्यांच्याकडूनच का घेऊ नये? त्यात उपकार कसले, माल चांगला असतो म्हणून घेतो, असं तो वर ऐकवायचा.

सुनंदाबाई त्याला अशाच सापडल्या. बौद्धवाडीतल्या या बाईंनी एसटी स्टँडच्या मागे लहानसा गाळा घेऊन फराळाचं दुकान टाकलं होतं. एखाद्या देवाचं नाव द्या, गिऱ्हाईक बिचकणार नाही, असा सल्ला त्यांना बऱ्याच जणांनी दिला. त्यांनी पाटीवर आडनावासकट स्वतःचं नाव रंगवून घेतलं. गिऱ्हाईक बिचकलं ते बिचकलंच. लोक पाटी वाचायचे आणि पुढच्या दुकानात जायचे. दादाने मात्र पाटी वाचली आणि तो आत शिरला. त्या दिवाळीपासून त्याचे सगळे डबे तिथूनच जाऊ लागले, कोर्टातल्या वकिलांना, अशिलांना, नातलगांना आणि अर्थात मला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मी दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. तो डबा मी कधी उघडला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. तो आला की तसाच भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत जायचा. "आमच्याकडे बाहेरचं फारसं चालत नाही," असं मी स्वतःलाच सांगायचे. पुण्याहून भाचीने पाठवलेली बाकरवडी त्याच घरात दोन दिवसांत फस्त व्हायची, तेव्हा बाहेरचं म्हणजे कुणाचं, हे मला नीट ठाऊक होतं. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आहे. समतेच्या धड्यावर माझी मुलं पैकीच्या पैकी गुण मिळवायची.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादाने नेहमीसारखं विचारलं, "सुनंदाबाईंची चकली कशी झाली यंदा?"

"खुसखुशीत! नेहमीसारखीच," मी ताटलीत माझ्या करंज्या मांडत म्हटलं.

त्याने हातातली करंजी परत ताटलीत ठेवली. मग म्हणाला, "चकली मी सवयीने म्हटलं; यंदा त्यांनी ती केलीच नव्हती गं. कडबोळी होती."

बस, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. कोर्टात तर हा माणूस छप्पर उडवायचा. त्याने चहा संपवला, मुलाच्या नोकरीची चौकशी केली आणि गेला. नंतर वर्षभर तो येत राहिला, फोन करत राहिला, पण तो विषय त्याने काढला नाही. आणि मी? आज बोलू, गणपतीत बोलू, निवांत भेटलो की बोलू... माझ्याजवळ शब्द तयार होते. माणूसच राहिला नाही.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ सग्यासोयऱ्यांनी नेऊन द्यायचा. दादाच्या घरी तो न्यायचा मान माझा. भाजणी दळून आणली आणि दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि एसटी स्टँडच्या मागे गेले.

सुनंदाबाई साठीच्या असतील. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. "वकीलसायबांच्या घरात यंदा तळन न्हाय, व्हय ना? मी आनून देनारच व्हते. पन घेतील का न्हाय, म्हनून थांबले." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "ताई, एक इचारू? गेल्या साली कडबोळ्यांत काय चुकलं व्हतं का? दर साली सायेब तुमचा निरोप सांगायचे, बहिनीला लय आवडलं म्हनून. गेल्या साली कायच बोलले न्हायत. मी वरीसभर इचार करतेय, मोहन कमी पडलं का काय..."

माझं खोटं दादाने दरवर्षी त्यांना नेऊन दिलं होतं, खरं समजून. त्यावर या बाई वर्षवर्ष खूश राहिल्या होत्या. आणि मी खोटी ठरले त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताला दोष दिला होता.

"काही चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "मी खाल्लंच नाही. कुठल्याच वर्षी."

"येकदापन न्हाय?"

"एकदाही नाही."

का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते विचारायची गरज नव्हती. कढईतलं तळण त्यांनी काढून निथळत ठेवलं, गॅस बारीक केला. मी पिशवी पुढे केली आणि वहिनीकडे न्यायचा फराळ मागितला.

"फराळ देनार," त्या म्हणाल्या, "पन तुमच्या हातून नको, ताई. वसुबारसेला मी सोता घेऊन येईन. वहिनींच्या हातात देईन."

मी रिकामी पिशवी घडी करून परत आले. वसुबारस चार दिवसांवर आली आहे. वहिनीला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला दोनदा गेले आणि वाडीच्या कुंपणाबद्दल बोलून आले. उद्या सांगणार आहे. मग ती मला त्या दिवशी घरात थांब म्हणेल की नको म्हणेल, ते तिने ठरवायचं.