गहिनीनाथमामांचा खरखरीत ओटा

गुळगुळीत वस्तू दिसली की आमच्या गहिनीनाथमामांच्या डोक्यात तिडीक जाते. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते वेल्डर आहेत. ऊस पिळणारे रोलर घासून गुळगुळीत झाले की ऊस निसटायला लागतो. मग मामा त्या फिरत्या रोलरवर वेल्डिंगचे बारीक थेंब टाकत बसतात. रोलर खरखरीत झाला की ऊस मुकाट आत जातो.

गेल्या दिवाळीत छबूमामींनी हौसेनं ओट्याला आरशासारख्या चकचकीत फरशा बसवून घेतल्या. पहिल्याच सकाळी मामा चहाच्या कपासकट ओट्यावरून थेट अंगणात गेले.

"ही काय फरशी हाय? हिला पकडच न्हाई!" मामा पडल्या पडल्याच ओरडले.

"बघून चालावं मान्सानं," मामी म्हणाल्या.

भाऊबीजेला मामी बेलापूरला माहेरी गेल्या. मामांनी लगेच ग्राइंडर काढला आणि अख्ख्या ओट्यावर आडवेतिडवे चरे पाडले. मामी परत आल्या तेव्हा हा गृहस्थ ओल्या पायांनी ओट्यावर नाचून दाखवत होता. "बघ, घसरतोय का?"

आता मामी घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्या तडक घरात शिरल्या. आतून मामांचा दिवाळीचा नवा कोरा शर्ट आणला, साबण लावला आणि त्याच ओट्यावर बसून दोन्ही हातांनी रगडला.

शर्टाच्या पाठीची पार चाळण झाली. मामींनी तो शर्ट झटकून सगळ्या गल्लीला दिसेल असा दोरीवर टाकला.

"व्हय," त्या म्हणाल्या, "पकड लई भारी हाय."