बाबांच्या जागची सुपारी

धाकट्या बहिणीच्या लग्नात, कन्यादानाच्या आधी, गुरुजींनी आईच्या हातात एक सुपारी ठेवली. "कमरेला खोचा, वहिनी. यजमानांच्या जागी." आईनं ती साडीच्या निऱ्यांशी खोचली. उदबत्तीचा धूर मांडवात तरंगत होता आणि मला भलत्याच वेळी ऑफिसातलं काम आठवलं.

मी प्रोग्राम लिहितो. तिथे कधीकधी एखाद्या नावामागे कुणीच नसतं. त्याला आम्ही नल म्हणतो. अशा नावाला चुकून काम सांगितलं, तर अख्खा प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो. म्हणून पावलोपावली विचारत जायचं, आहे ना कुणी? बाबा गेल्यापासून घरातही आम्ही तसेच बोलत होतो, प्रत्येक वाक्य आधी चाचपून.

याहून मायाळू उपाय एक आहे. रिकाम्या जागी एक साधासा ऑब्जेक्ट बसवायचा. हाक मारली की तो ओ देतो. करत काहीच नाही, पण पुढचं अडत नाही. ही युक्ती मी मोठ्या कौतुकानं शिकलो होतो. इथे ती किती पिढ्या कमरेला खोचत आल्या होत्या!

मंत्रांच्या ओघात बाबांचं नाव आलं. आईचा हात अलगद कमरेशी गेला. काहीच कोसळलं नाही.

विधी आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता सुपारी काढून ठेवलीत तरी चालेल."

"असू देत," आई म्हणाली. "जेवून जातील."