राहिलेल्यांची बाजू

एव्हलिन झिराडकरला फॅक्टरीत सगळे ‘मोरा’ म्हणत. मोरा म्हणजे बाई, शाळेतली. आता कापडाच्या फॅक्टरीत धागे जोडणारीला कोणी बाई का म्हणावं? तर तिचा हात. कुणी काही चुकीचं बोललं की खडू धरल्यासारखा तो वर उठायचा आणि हवेत दुरुस्त्या करायचा! ठाण्याच्या शाळेत वर्षानुवर्षं हिस्टरी शिकवलेली बाई ती. इस्राएलमध्ये अश्केलोनला आली, हिब्रू धड येईना, म्हणून यंत्रापुढे उभी राहिली. पण मन काही तिथं रमलं नाही. पोरांचा गलका, खडूची धूळ, मधल्या सुट्टीतला चहा, सगळ्याची तिला इतकी ओढ लागायची की शाळेसमोरून बस गेली तरी मान वळायची.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात तेल अविवला एक संध्याकाळचा कोर्स निघाला. परदेशात शिकवलेल्यांनी तो करायचा, शेवटी एक निबंध लिहायचा, की इथल्या शाळेत नोकरी. एव्हलिननं नाव घातलं. निबंधाला विषय मिळाला, अमेरिकेतली यादवी. पण लिहायला बसण्याआधी आपला प्रश्न ठरवायचा आणि तो पास करून घ्यायचा. प्रश्न पास नाही तर निबंध नाही, आणि निबंध नाही तर पुन्हा धागे.

“अगं, शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं भांडण,” नवरा सॉलोमन म्हणाला, “तुला काय त्याचं? लिही काहीतरी आणि मोकळी हो.”

“तू गप बस. तुला काय कळतंय!”

शिकवणाऱ्या बाईंचं नाव बत्या. इथं मास्तरांनाही नुसत्या नावानं हाक मारतात. एव्हलिनच्या तोंडून ते काही निघेना. ती ‘बत्याबाई’ म्हणायची आणि हिब्रू बोलणारा सगळा वर्ग खुदकन हसायचा.

पहिल्यांदा तिनं लिहून नेलं, ‘अमेरिकेत यादवी का झाली?’ बत्या म्हणाली, “याच्यात एक अख्खी लायब्ररी मावेल. लहान कर.” दुसऱ्यांदा तिनं लिहिलं, ‘दक्षिणेची राज्यं घर मोडून का निघाली? त्यांना असं काय कमी पडलं होतं?’

बत्यानं चष्मा काढला. “एव्हलिन, हा प्रश्न नाही. ही तक्रार आहे. उत्तर तू आधीच ठरवलंयस, आता फक्त कुणाला तरी फैलावर घ्यायचंय.”

एव्हलिनला राग आला. रडूही आलं, ते तिनं गिळलं.

“आणि हे बघ,” बत्या म्हणाली, “तू प्रत्येक ठिकाणी ‘लामा’ लिहितेस.”

लिहिणारच! तिचं हिब्रू बसमधलं आणि भाजीबाजारातलं. टोमॅटो महाग, लामा? बस उशिरा, लामा? का विचारायला दुसरा शब्द असतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

“दुकानात चालतं,” बत्या म्हणाली. “पण जरा उकलून बघ, ला म्हणजे साठी आणि मा म्हणजे काय. कोणत्या हेतूनं, असं विचारतेस तू. लढाईचं कारण शोधायचं तर ‘मादुआ’. कशाच्या परिणामानं. हेतू माणूस तोंडानं सांगतो. कारण त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं कधीकधी. ते शोधावं लागतं.”

एव्हलिनचा हात वर उठला आणि तसाच थांबला. अगं बाई! हे तर आपल्याकडे आहेच की. कशासाठी आणि कशामुळे.

कशासाठी म्हटल्याबरोबर तिला पिन्हासदादा आठवला. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं, टीचर केलं. ती इस्राएलला निघाली तेव्हा ठाण्याच्या घरात ओट्याशी उभा राहून त्यानं विचारलं होतं, “कशासाठी जातेस गं एवू? इथं आपल्याला कधी कोणी वावगं बोललंय?” तिनं घडाघडा सांगितलं होतं. धर्मासाठी, देशासाठी, लेकीच्या, नुरीतच्या पुढच्या आयुष्यासाठी. तो “बरं” म्हणाला आणि बोटीवर पोचवायला आलाच नाही. तेव्हापासून रोश हशानाला, ज्यूंच्या नव्या वर्षाला, त्याचं कार्ड यायचं, खाली फक्त नाव. तीही हट्टी. तीही फक्त नावच लिहायची. पण रोज संध्याकाळी तळ्याकाठी त्याच्याबरोबर खाल्लेल्या भाजलेल्या कणसाची चव जिभेवर यायची आणि मग स्वयंपाकात मीठ दोनदा पडायचं.

आठवडाभर तिनं लायब्ररीतून आणलेली पुस्तकं उपसली. व्हर्जिनिया राज्यापाशी येऊन ती अडली. राज्य देशातून फुटून बाहेर पडलं, पण त्याच्या पश्चिमेकडचे डोंगरातले तालुके म्हणाले, आम्ही नाही येत, आम्ही इथंच. राज्य एक, शेजार एक, तरी काही गेले आणि काही राहिले. तिचं जेवण ताटातच निवलं.

तिसऱ्यांदा तिनं मादुआ घालून लिहिलं, ‘व्हर्जिनियातल्या शेजारच्या दोन तालुक्यांपैकी एक कशामुळे गेला आणि दुसरा कशामुळे राहिला?’

बत्यानं दोनदा वाचलं. “आता याच्यामागे जाता येईल. गुलाम कुठे किती होते, जमीन कशी होती, माल विकायला कुठल्या बाजारात जायचे, हे शोधता येतं. पास. पण एक अट. जाणारे फार बोलतात, त्यांची भाषणं, जाहीरनामे ढिगानं सापडतील. राहिलेल्यांची बाजू तुला हुडकावी लागेल. तिच्याशिवाय निबंध अर्धाच.”

वर्गातून बाहेर पडताना एव्हलिनला नाचावंसं वाटत होतं. बसमध्ये बसल्यावर मात्र तिनं प्रश्नाचा कागद पुन्हा उघडून वाचला. इतकी वर्षं दादा आला नाही म्हणून ती रुसली होती. तो कशामुळे राहिला, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

वसंतात मिरियाममावशी आली. ठाण्यातली, दादाच्या दारासमोर राहणारी. लेकाकडे अश्केलोनला कायमची आली होती. एव्हलिननं तिला जेवायला बोलावलं. मावशीनं गल्लीतल्या सगळ्यांची लग्नं, बाळंतपणं आणि भांडणं सांगून संपवली, तरी दादाचं नाव काढलं नाही. शेवटी एव्हलिननंच धीर केला.

“मावशी, दादा अजून रागावलाय का गं माझ्यावर?”

“रागावलाय? कोण, पिन्हास? तुझ्या नावानं अजून ताट मांडायला निघतो तो!”

“मग कशामुळे राहिला तो तिथं? तुम्ही सगळे निघालात. नोकरीही संपली असेल त्याची.”

मावशीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. “मी म्हटलं ना त्याला. म्हटलं, एकटा काय करतोस इथं, चल बहिणीकडे. तर म्हणतो कसा, ‘मावशी, मीही उठून गेलो तर एवूला माहेर कुठलं उरेल?’”

एव्हलिननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुढच्या खोलीतून नुरीत धावत आली आणि आईला हिब्रूत विचारू लागली, “लामा, इमा? लामा रडतेस?” मावशी उठली आणि एव्हलिनच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.