बॉक्सरच्या बरगडीवरची गाठ

तासगावात मी आणि माझा कुत्रा असे दोघंच राहतो. बायको गेल्यावर मुलीने फोनवर सुचवलं, "बाबा, कुत्रा पाळा." ती परदेशात असते, तिथून सल्ले लवकर पोचतात. लोणंदला कुत्र्यांची पैदास करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून बॉक्सर जातीचं पिल्लू आणलं. पिल्लाबरोबर सोनेरी कडांचा कागद आला. त्यावर चार पिढ्यांची वंशावळ होती. मला स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही. कुत्र्याचे मात्र सगळे पूर्वज विजेते होते.

सातव्या वर्षी त्याच्या बरगडीवर हाताला सुपारीएवढी गाठ लागली. कुठेतरी आपटला असेल म्हणून हळद-चुन्याचा लेप लावला. चार दिवसांत गाठ निम्मी झाली. पुन्हा फुगली, पुन्हा लेप, पुन्हा उतरली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने असे अडीच महिने घालवले. घरात दुसरं कोणी असतं तर पहिल्याच आठवड्यात मला वेड्यात काढलं असतं.

शेवटी त्याला घेऊन शेजाऱ्याच्या बेदाण्याच्या टेंपोतून सांगलीला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घातली, काचेवर थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"कॅन्सर आहे. काढावी लागेल. ही लालसर कातडी हळद-चुन्याने ना? किती दिवस लेप लावताय?"

"थोडे दिवस," मी म्हणालो.

"ही गाठ आपोआपच फुगते, उतरते. लेपाचा संबंध नाही. या जातीत अशा गाठी रक्तातूनच येतात. आईबापाची काही माहिती?"

"चार पिढ्यांची आहे. पण त्यात नुसती बक्षिसं आहेत."

घरी येऊन लोणंदला फोन लावला.

"आवं मास्तर, आमच्या रक्तात तसलं काय न्हाई! बाप चॅम्पियन हाय त्याचा."

"आणि आई?"

त्यांनी आधी भुंकणाऱ्या कुत्र्यांना दटावलं, मग आवाज खाली आणला.

"आईला आलती, पोटावर. आज्याला बी. पर असलं कागदावर कोण लिवतंय, तुमीच सांगा."

माझे 'थोडे दिवस' आठवून मी फोन ठेवला.

ऑपरेशन झालं. बरगडीवर वीतभर टाके पडले. गाठ मुळासकट निघाली, असा रिपोर्ट आला. "पण दुसरी येऊ शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दर आठवड्याला सगळ्या अंगावरून हात फिरवून बघत जा."

तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्याला पुढच्या खोलीत आडवं करतो आणि कानामागून शेपटीपर्यंत बोटांनी चाचपत जातो. त्याला वाटतं लाड चाललेत. डोळे मिटून पडून राहतो. गेल्या रविवारी मागच्या मांडीपाशी मुगाएवढं काहीतरी लागलं. पुन्हा चाचपलं तर सापडेना. मग कानापासून परत सुरुवात केली.