सासूबाईंचं गोंदण आणि जपानचं गरम पाणी

फॉर्म भरण्यात माझा हात धरेल असं माणूस ब्रिस्बेनजवळच्या आमच्या अख्ख्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये सापडायचं नाही. बढाई नाही मारत. एका एज्ड केअर होमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं, ड्यूट्यांचं रोस्टर मी नऊ वर्षं सांभाळतेय. दिवसभर फॉर्म भरते आणि इतरांनी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका काढते. म्हणून यतिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जपानच्या ट्रिपचे सगळे फॉर्म माझ्या गळ्यात मारले तेव्हा मी "आण इकडे" एवढंच म्हटलं. आणि त्यातच चूक केली. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

यतिन यंदा पन्नाशीचा झाला. पन्नाशीला त्याच्या ऑफिसातल्या कुणी बोट घेतली, कुणी दाढी वाढवली. यतिनने जपान काढलं. बारा दिवस, नोव्हेंबरात, आम्ही दोघं, मुलगी मयूरा आणि त्याची आई. आणि साधंसुधं नाही हं! आयुष्यभर स्वस्तातली तिकिटं शोधणाऱ्या माणसाने ठरवलं की एकदाच जायचं, पण राजासारखं जायचं. त्याने एक शीट केली. कुठल्या रात्री कुठल्या सराईत मुक्काम, कुठल्या काउंटरवर बसून काय खायचं, सगळ्याला वेगवेगळे रंग. जपानमध्ये जुन्या पद्धतीच्या सराईला ऱ्योकान म्हणतात. चटईची खोली, जमिनीवर गादी, आणि संध्याकाळी बारा-चौदा छोट्या छोट्या बशांतून येणारं जेवण. त्या जेवणाला काइसेकी म्हणतात, हे आमच्या घरात आता कुंडीतल्या कढीपत्त्यालाही पाठ झालंय.

सगळ्यात मानाची सराई डोंगरातली. तिच्या आचाऱ्याचं नाव यतिन असं घेतो की मी दोनदा त्याला विचारलं, "अरे, नात्यात लागतो का तुझ्या?" तिथे पाच महिने वेटिंगवर राहून जागा मिळाली. आणि तिथे ओनसेन होतं. म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं मोठं कुंड. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत जायचं ते अंगावर चिंधीही न ठेवता.

हे सगळं यतिनला जेवणासाठी हवं होतं. आईंना पाण्यासाठी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, लताबाई. वय चौऱ्याहत्तर. माहेर संगमेश्वरकडचं, सासरही तिथलंच, पण संसार सगळा कळव्यात झाला. सासरे लवकर गेले. आईंनी पोळी-भाजीचे डबे करून यतिनला इंजिनीअर केलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आठ वर्षांपूर्वी इथे आल्या. पहिल्या महिन्यात मागच्या अंगणात अळू लावलं, दुसऱ्या महिन्यात शेजारच्या शेरनला अळूवड्या खायला घातल्या, आणि शेरनकडून "नो वरीज" शिकल्या. आता दूध उतू गेलं तरी नो वरीज, गुडघा धरला तरी नो वरीज. सकाळी तलावाला एक फेरी मारतात, बाकावर बसून बदकांना मराठीत दम देतात. माझ्याशी भांडत नाहीत. मला भांडायला आवडतं, त्यामुळे ही माझी जुनी तक्रार आहे.

तर फॉर्म. ॲलर्जी? नाही. खुर्ची हवी? हो, सासूबाईंना. मासे चालतात? चालतात काय, धावतात! पाहुण्यांपैकी कोणाला टॅटू आहेत? नाही. सबमिट.

पंधरा दिवसांनी सराईकडून नियमांचं चित्रमय पत्रक आलं. शनिवारी सकाळी मी ते डायनिंग टेबलवर उघडून ठेवलं होतं. आई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. मयूरा सिरियलचा बाऊल घेऊन आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं. एका हाताचं चित्र, त्यावर ड्रॅगन, त्यावर लाल फुली. जपानमध्ये टॅटू म्हणजे गुंडांची खूण मानतात, म्हणून टॅटूवाल्यांना कुंडात बंदी. मग तिने आजीकडे पाहिलं.

"मम," ती हळूच म्हणाली, "आजी'ज गॉट, लाइक, टू फुल स्लीव्ह्ज."

म्हणजे दोन्ही हात भरून टॅटू. मी मान वर केली. आईंच्या बाह्या वर सरकवलेल्या. उजव्या हातावर कोपरापर्यंत तुळशीवृंदावन आणि ठिपक्यांची वेल. डाव्या हातावर विंचू, त्याच्या खाली त्यांच्या आईचं नाव. हनुवटीवर तीन ठिपके. चोवीस वर्षं बघतेय मी ते हात. पण टॅटू म्हणजे जिममधल्या पोरांच्या दंडावर असतो तो! गोंदण म्हणजे गोंदण. ते टॅटू आहे असं कुणाच्या तरी डोक्यात येईल का? माझ्या तरी नाही आलं.

"अगं बाई," मी म्हटलं आणि खालीच बसले.

खोटं राहू देणं मला जमत नाही. मी त्याच दिवशी सराईला लिहिलं, चूक माझी, सासूबाईंना लहानपणी गोंदलंय, आमच्याकडे पूर्वी सगळ्या मुलींना गोंदायचे. उत्तर आलं. इतकं नम्र की माझाच जीव लाजला. तीन वेळा क्षमा, दोन वेळा आभार, पण नियम तो नियम. मोठ्या कुंडात येता येणार नाही. हवं तर पत्त्याएवढ्या कातडीच्या रंगाच्या पट्ट्या लावून गोंदण पूर्ण झाकावं, नाहीतर घरच्यांपुरतं छोटं कुंड पाऊण तासासाठी घ्यावं.

"झालं की मग!" यतिन म्हणाला. "छोटं कुंड घेऊ. सॉर्टेड." आणि परत त्या आचाऱ्याचे फोटो बघायला लागला.

मी आईंना पट्ट्यांचं सांगितलं. हिशोब केला तर दोन्ही हात आणि हनुवटी धरून चौदा पट्ट्या लागत होत्या.

"हनुवटीला पण पट्टी?" आई म्हणाल्या. "मार खाऊन आल्यासारखी बसू का मी तिथे? नको गं. आणि ते काय झाकायचं असतं का? मी खोलीत बसेन. तुम्ही जा. नो वरीज."

माझं डोकंच फिरलं. निदान चिडा तरी! निदान म्हणा की कोण मोठे लागून गेलेत हे! पण नाही. पोळी उलटली आणि विषय संपला. आता खरं सांगते, कारण नाहीतर सगळं राग-राग करून मी मोठी साध्वी ठरेन. मला आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं. सासूसमोर अंगावर कपडा नसताना पाण्यात उतरायचं, ह्या विचाराने मला फॉर्म भरल्यापासून घाम फुटत होता. त्यांनीच नाही म्हटलं, बरं झालं, असं माझ्या मनात आलं. आलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका आफ्टरनूनला मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आई समोर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. मध्येच म्हणाल्या, "त्या मोठ्या कुंडात एका वेळी किती बायका मावत असतील गं?"

"असतील पंधरा-वीस. का हो?"

"काही नाही. गप्पा मारत असतील ना."

आईंनी एक मोजा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग सांगितलं. सासरच्या गावापासून दोन कोसांवर गरम पाण्याचं कुंड होतं. शिमगा झाला की घरातल्या बायका वर्षातून एकदा तिथे जायच्या. बैलगाडीने, भाकऱ्या बांधून. सासू, दोन जावा, नणंद, शेजारच्या चौघी. कामातून सुटका असलेला तेवढा एकच दिवस. लताबाई सगळ्यात धाकटी सून. लुगड्यांची गाठोडी आणि जावांची तान्ही पोरं सांभाळायला कुणीतरी काठावर हवं. सासू ह्यांनाच बसवायची. "पुढच्या खेपेला तू उतर," सासू म्हणायची. आत वाफ, हसणं, एकमेकींच्या पाठी चोळणं, सासूसुद्धा हसायची म्हणे, एरवी कधी न हसणारी. पाच वर्षं ह्या काठावर बसल्या. सहाव्या वर्षी माझ्या सासऱ्यांना ठाण्याकडे नोकरी लागली, कळव्याला बिऱ्हाड झालं, आणि पुढची खेप आलीच नाही.

"पाणी काय, आपल्या गीझरलाही येतं," आई म्हणाल्या. "पण त्या सगळ्या आत कशाला हसत होत्या, ते मला काही कळलं नाही. ऐकू यायचं नाही तिथून नीट."

मला रडू आलं. मी घड्या टाकून सरळ यतिनच्या खोलीत गेले.

"ती सराई बदल."

"काय? चारुता, वेडी आहेस का? पाच महिने! त्या माणसाच्या हातचं जेवायला लोक..."

"तुझी आई पाच वर्षं काठावर बसली आहे. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तू तिला खोलीत बसवणार, आणि तू आत जाऊन मुळ्याच्या चौदा चकत्या खाणार?"

"छोटं कुंड आहे ना पण!"

"तिला पाणी नकोय रे, बायका हव्यात!"

मग मी सगळं सांगितलं. तारस्वरात सांगितलं असणार, कारण मयूरा दार ओढून गेली. यतिन ऐकत राहिला. मग म्हणाला, "आईने मला कधीच सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

पण चोवीस वर्षांत मी तरी कुठे विचारलं होतं? संध्याकाळी शीट उघडून पाहिली तर त्या दोन रात्रींच्या ओळी त्याने स्वतःच काढून टाकल्या होत्या. आचाऱ्यावर पाणी सोडलं माझ्या नवऱ्याने. त्या दिवशी मी त्याला मुद्दाम कोलंबीचं कालवण केलं आणि मोठे तुकडे त्याच्याच ताटात वाढले.

मग शोध माझ्याकडे. नऊ सराया. ह्या वेळी फॉर्म नाही, आधी प्रश्न. पाच जणींनी नम्रपणे नाही म्हटलं, तिघींनी उत्तरच दिलं नाही. नववी एका लहान गावातली, नदीकाठची. तिथल्या मालकीणबाईंनी मेलला मेलने उत्तर न देता फोन नंबर दिला. ब्रिस्बेनच्या आणि तिथल्या घड्याळात एकच तासाचा फरक, म्हणून लंच ब्रेकमध्ये होमच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन लावला. बाईंचं इंग्लिश सावकाश, एकेक शब्द जपून.

वय किती आजींचं, त्यांनी विचारलं. चौऱ्याहत्तर. चित्रं कसली आहेत? मी सांगायला लागले. तुळस. तुळस म्हणजे एक झाड, घरापुढे लावतात, देवासारखं. ठिपके. त्यांच्या आईचं नाव. आणि विंचू.

"विंचू का?" बाईंनी विचारलं.

"नऊ वर्षांच्या असताना चावला होता. बाकीच्या मुलींनी फुलं काढून घेतली, ह्यांनी हट्टाने विंचू मागितला."

बाई एकदम खळखळून हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या कुंडात पाहुण्यांशिवाय संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्याही येतात, रोज, सात-आठजणी. फार बोलतात. विंचवाबद्दल नक्की विचारतील. आजींना चालेल ना? जेवण साधं असतं, नदीचा मासा, डोंगरातली भाजी, घरचं तोफू. यावं जरूर.

मी थँक यू, थँक यू करत राहिले. शिफ्टला दहा मिनिटं उशिरा गेले, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

घरी आले तर आई अळवाला पाणी घालत होत्या. मी चप्पलसुद्धा न काढता सांगितलं. आई, मिळालं. पट्टी नाही, काही नाही. गावातल्या बायका असतात, म्हाताऱ्या, सात-आठ, फार बोलतात म्हणे.

आईंनी पाइप खाली ठेवला. पाणी वाहत राहिलं तसंच. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, ह्यासाठी आणखी नऊ सरायांना फोन करायला लागले तरी करीन.

"काय बोलायचं त्यांच्याशी?" त्या म्हणाल्या. "मला जपानी कुठे येतं!"

"बदकांना तरी कुठे मराठी येतं, आई?"

हसल्या. मग पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"मी काय?"

"तू उतरणार ना?"

मी इकडे तिकडे पाहिलं. आता खरं सांगायलाच हवं होतं. "आई, मला लाज वाटते हो. तुम्ही आणि मयूरा जा. मी बाहेर बसते, तुमचं सामानही सांभाळेन."

आठ वर्षांत पहिल्यांदा आईंच्या आवाजाला धार आली.

"कोणी बाहेर बसणार असेल तर मला नको ते पाणी," त्या म्हणाल्या. "घरातल्या सगळ्या उतरणार असतील तर मी उतरते. नाहीतर आत्ताच नाही सांग त्या बाईला."

माझ्याशी कधी न भांडणारी बाई ती, आणि भांडली ती ह्यावरून. नाक वाहायला लागलं, तेवढं ओढणीने पुसलं.

"उतरते," मी म्हटलं. "पण माझ्याकडे बघायचं नाही हं, आई."

"पाठ चोळताना बघावं लागतं गं," आई म्हणाल्या.