पारावरची जागा
सायकलच्या साखळीला घातलेल्या तेलाचा वास आला की मला कमलनगरचा पार आठवतो. मी नवी सून होते आणि मला सायकल शिकायची होती, निव्वळ हौस म्हणून. घरात यजमानांची उंच, दांड्याची सायकल होती. सासूबाईंनी आपलं नऊवारी लुगडं माझ्यापुढे ठेवलं. "कासोटा घालून नेस, साखळीत अडकायचं न्हाई. पर गावासमोर पडलीस तर पुन्हा सायकलीला हात लावायचा न्हाई." मागच्या अंगणात मी ओट्यावरून चढायला आणि ओट्यावरच पाय टेकून उतरायला शिकले, जमिनीवर उतरणं काही जमेना. पहिल्यांदा बाहेर पडले ती मारुतीच्या पारावर उतरायचं ठरवून, तर पार म्हाताऱ्यांनी कडेपर्यंत भरलेला. मी वळसा घातला, मग आणखी एक. "कामून फिरायलीस गं पोरी? प्रदक्षिणा घालायलीस का?" एका आजोबांनी विचारलं आणि सगळे हसले. पाय भरून आले होते, पण मला पडायचं नव्हतं. "अण्णा, उतरायला जागा द्या, न्हाईतर अंधार पडेपर्यंत अशीच फिरते!" दोघंजण कुरकुरत सरकले, मी दगडावर पाय टेकला आणि उतरले. दुसऱ्या दिवशी पाराची ती कड रिकामी होती. तिथं बसू पाहणाऱ्याला तेच आजोबा सांगत होते, "हिकडं सरक, तिथं सूनबाई उतरते." बाळांनो, तुमच्याकडे सायकलींसाठी रस्त्यावर वेगळा पट्टा आखलेला असतो म्हणता, मला एक दगड मिळाला होता, आणि तो मी मागून घेतला होता.