तीन ओळी कमी भरल्या

या उन्हाळ्यात मी फार दमले. गुडघ्यांचं तर आहेच, पण हे दमणं गुडघ्यांचं नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक आक्का राहतात. मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती. नवरा रेल्वेत गार्ड, म्हणून लग्न होऊन सोलापुरात आल्या त्या इथल्याच झाल्या. आता ऐंशीला टेकल्यात. लहानपणी गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं, तेव्हा चार इयत्ता त्यांच्या भाषेत शिकलेल्या. त्यांची थोरली बहीण लग्नानंतर मोझांबिकला गेली आणि तिथलंही पोर्तुगिजांचं राज्य गेल्यावर लिस्बनला. ती कविता करायची, पोर्तुगीजमध्ये. मागच्या वर्षी ती वारली, आणि तिच्या मुलीनं त्या कवितांचं एक पातळसं पुस्तक पोस्टानं धाडलं.

आक्कांच्या घरात ते वाचणारं दुसरं कोणी नाही. मुलं-नातवंडं मराठीत वाढलेली. त्यातून डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेलाय, दिवाळीपर्यंत वाचणं सुटेल. म्हणून त्यांनी मला गळ घातली, मी सांगते, तू मराठीत लिहून घे. माझी शाळा चौथीत सुटलेली, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर शिकले. तरी हो म्हटलं.

दुपारची जेवणं उरकली की त्यांच्याकडं जायचं. त्या भिंगातून एकेक ओळ वाचणार, डोळे मिटणार, मग मराठीत सांगणार. वर पंखा नुसता गरम वारा ढवळायचा. आमचे हे चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. त्यांचे चौकटीचे कागद त्यांच्या माघारी घरात पडून होते, त्यावरच मी लिहायची. दिवसाला एक कविता झाली तरी पाठ धरायची.

कविता मात्र गमतीच्या होत्या. एका कवितेत बहिणीनं लिस्बनला गॅलरीत बांगडे वाळत घातले म्हणून खालची बाई भांडायला येते आणि जाताना दोन बांगडे घेऊन जाते. दुसरीत ती पुष्कळ वर्षांनी गोव्यात जाते, तर सख्ख्या घरात तिच्यापुढं पाहुण्यांचा कप ठेवतात, बशीसकट. ते सांगताना आक्का हसल्या नाहीत. "तेव्हा मी माहेरीच होते, कप मीच काढलेला गो," एवढंच म्हणाल्या.

मग आईवरची कविता आली. त्या दिवशी आक्कांनी ती भराभर सांगितली. मी लिहिली आणि सवयीनं मोजली. मला ती भाषा येत नाही, पण मोजता येतं. सोळा वर्षं मी चादरींच्या टोकाला सुटणाऱ्या दशांना गाठी मारल्या. एका गाठीत आठ धागे. सात भरले तर मुकादम चादर अंगावर फेकायचा. पुस्तकात चौदा ओळी होत्या, माझ्या कागदावर अकरा.

मला वाटलं, डोळ्यांनी दगा दिला. म्हटलं, आक्का, दमलाय तुम्ही, तीन ओळी सुटल्या बघा.

"सुटल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या घ्यायच्या नाहीत."

मी पेन ठेवलं. चार दिवस गेलेच नाही. राग नव्हता हो, थकवाच होता. इतकं लिहायचं आणि तेही अर्धं, मग नातवंडांच्या हातात काय जाणार? पाचव्या दिवशी त्यांनीच भिंतीवर वाटी वाजवली. ही आमची जुनी खूण. गेले. पुस्तकाचं तेच पान उघडं ठेवून बसल्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं. आई गेली तेव्हा थोरली मोझांबिकला पोटुशी होती. पोटुशी बाईला मरणाची बातमी कळवायची नाही, हे आमच्यात तसं त्यांच्यातही. म्हणून आक्कांनी पत्र लांबवलं. मग बाळंतीण म्हणून लांबवलं. मग इतके महिने झाले की कोणत्या तोंडानं लिहायचं कळेना, आणि राहूनच गेलं. पुढं जन्मभर नाताळाला पत्रं आली-गेली. थोरलीनं एकदाही विचारलं नाही.

"मला वाटायचं विसरली," आक्का म्हणाल्या. "हिनं तर छापून ठेवलंय."

मी म्हटलं, तुमचं चुकलं नव्हतं, तुम्ही रीत पाळली. त्या म्हणाल्या, रीत नऊ महिन्यांची होती गो, मी पन्नास वर्षं पाळली.

मग त्यांनी भिंग उचललं. "घे लिहून."

मी लिहिलं:

आई गेल्याचं मला गावच्या शिंप्यानं सांगितलं,
परक्या मुलखातल्या बाजारात, मी कांदे निवडत होते तेव्हा.
बहिणीच्या पत्राची मी अजून वाट बघते.

लिहून झाल्यावर आक्का म्हणाल्या, खाली माझं पण लिही, का लिहिलं नाही ते. मी पेन खाली ठेवलं. मग म्हटलं, आक्का, हे पुस्तक तुमच्या बहिणीचं आहे. तुमचं तुम्ही भाचीला वेगळं लिहा, तिच्याच भाषेत, भिंग मी धरते.

त्यांनी लिहिलेला कागद माझ्याकडं सरकवला.

"मोज."

मी बोट ठेवून मोजल्या. चौदा भरल्या. त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, उद्या पुस्तक नको. उद्या पत्राचा कागद घेऊन ये.